काच ओली ठेवणारी इन्साफ

९ मार्च २०१४. इजिप्तमधल्या दमनहूरच्या इस्पितळात हाज्जा सत्तूताने नातवाच्या डोळ्यांच्या लेझरचे सोळाशे पन्नास पौंड भरले आणि बाळ परिचारिका इन्साफच्या हाती दिले. दिवस भरायच्या अडीच महिने आधी जन्मलेले पोर. नजर लागू नये म्हणून नाव ठेवले होते शहात, म्हणजे भिकारी.

इन्साफने दुपटे बाजूला केले. पापण्यांना काळेभोर काजळ, आणि आत बुबुळावरची काच खरबरीत झालेली.

"हाज्जा, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? काल सुबूअचा विधी केला. सातव्या दिवसाचा राहूनच गेला होता, पोर उबेच्या पेटीत होतं ना! चाळणीत घालून हलवलं, डोळ्यांत कांद्याचा रस नि काजळ घातलं. माझ्या सातही पोरांना घातलं, एकालाही चष्मा नाही!"

"त्यांना दुसऱ्या दिवशी लेझर नव्हतं."

"मग काय मळक्या डोळ्यांनी आणायचं डॉक्टरासमोर?"

डॉक्टर वहदाननी डोळ्यात पाहिले आणि मान हलवली. "धुक्यातून नेम धरायचा? थांबावं, तर आतला पडदा सुटायला आलाय."

"तुम्ही सुरू करा, मी ओलं ठेवते," इन्साफ म्हणाली.

तारेच्या चिमट्याने उघड्या धरलेल्या डोळ्यावर मिठाच्या पाण्याचे थेंब सोडायचे, हेच तिचे कित्येक वर्षांचे काम. थेंब चुकला की काच सुकून धुरकटते, जास्त झाला की उजेड फाकतो. एरवी ती मनात एखादे गाणे धरून त्या ठेक्यावर थेंब सोडी. आज गाणे सुचेना. तिने बाटली मुठीत कोमट केली.

काजळ धुऊन काढले. उजव्या डोळ्याचे काम पार पडले. डावा मात्र निम्म्यावर दुधाळ होऊ लागला.

"थेंब, इन्साफ!"

"घालतेय, डॉक्टर."

"मग पूस!"

"पुसलं तर काचेवरची साल निघेल."

डॉक्टरांनी बाळाची मान कलती केली, जिथून दिसेल तिथून लेझर मारले. शेवटी नाकाकडची एक पट्टी राहिलीच. यंत्र बंद झाले तरी इन्साफचा हात थेंब सोडतच होता.

"दिसेल ना त्याला?" हाज्जाने दारातच गाठले.

"उजव्याचं काम पुरं झालं," डॉक्टर म्हणाले. "डाव्याची काच निवळली, तर उरलेलं परवा. नाही निवळली, तर काही सांगता येत नाही."

हाज्जाचा तोरा उतरला. तिने इन्साफची बाही धरली. "आता त्या डोळ्यात काय घालू, पोरी?"

"फक्त या चिठ्ठीवरचे थेंब. दर तासाला. दुसरं काही नाही, आईचं दूधसुद्धा नाही."

ते थेंब इस्पितळात नव्हते आणि हाज्जाजवळ परतीच्या गाडीपुरतेच पैसे होते. इन्साफने समोरच्या औषधवाल्याकडून उधारीवर बाटली आणून दिली. औषधवाल्याचे ते चौदा पौंड इन्साफला अजून फेडायचे आहेत.