हौदात उतरवण्याआधी

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, तालमीच्या हौदातल्या तांबड्या मातीत वाढलेला. बाहेरचा पैलवान सरावाला आला, की हौदात उतरू देण्याआधी आमचे वस्ताद त्याला एकच गोष्ट विचारायचे, "आनि कुनाच्या तालमीत जातोस?" आज आपल्याशी झटलेल्या गड्यानं उद्या आपले डाव दुसरीकडं सांगू नयेत, एवढंच त्यामागं होतं.

पुढं मी हवाई दलात मेकॅनिक झालो. चीनच्या युद्धानंतर परदेशी हवाई दलं आमच्याबरोबर संयुक्त सरावाला आली. वर विमानांची लुटुपुटूची लढाई चालायची आणि खाली आम्ही घामाघूम. मला राहवेना. साहेबांना विचारलं, "सर, हे पाहुणे आणखी कुणाकुणाबरोबर सराव करतात?"

साहेब हसले. "हे कोल्हापूर नव्हे. जा, टायरची हवा बघ."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण जाऊन हवा बघितली. रजेत वस्तादांना फक्त सरावाचं सांगितलं, साहेबांचं उत्तर गिळून टाकलं.

पासष्ट साली पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि समोरून आली ती त्यातल्याच एका पाहुण्याच्या देशात बनलेली विमानं.

युद्धानंतर घरी आलो. तालमीच्या दारात पाय ठेवतोय तोवर पेपरात त्या विमानांचं वाचलेले वस्ताद कडाडले, "आरं, त्या पावन्यास्नी हौदात उतरवायच्या आदी इचारलं न्हाईस व्हय?"

"इचारलंतं की, वस्ताद."

"मग काय म्हनलं?"

"म्हनलं, हे कोल्हापूर न्हवं."