चार नंबरची खोली कुणी झाडली नाही

आधीच कबूल करते — या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचत आले. कुणाच्या आत्याला विहिरीपाशी बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कुणी येऊन बसलं... वाचायचं, हसायचं, विसरायचं. माझा पिंडच तसा, आणि पोटापाण्याचा धंदाही. मी औषधं बनवणाऱ्या प्लँट्समध्ये व्हॅलिडेशन इंजिनियर आहे. आमच्याकडे एखाद्या मशीनचं तापमान अर्ध्या डिग्रीने हललं तरी त्याला डेव्हिएशन म्हणतात. त्याचा फॉर्म भरायचा, आणि त्यात 'मूळ कारण' असा एक रकाना असतो. तो रिकामा ठेवलेला चालत नाही.

तेव्हा हसायचं असेल तर हसा. मीही हसले असते.

गोष्ट सुरू होते फेब्रुवारी २०२० मध्ये, नागपुरात. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई. आई शाळेतून रिटायर झालेली, मूळची अचलपूरची, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मला आयर्लंडची नोकरी लागली तेव्हा तिने एकदाही 'जाऊ नको' म्हटलं नाही. नुसतं 'तुझी मर्जी' म्हणत राहिली. रोज, दिवसातून चार वेळा. शेवटी एका संध्याकाळी माझा तोल गेला आणि मी म्हणाले, "तुझ्यासाठी मी अजून किती वर्षं इथे बसून काढू?" ती उठून कणीक मळायला गेली. त्यानंतर निघेपर्यंतचे आठ दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोललो.

आता एक सांगायला हवं. आमच्या घरात कुणी प्रवासाला निघालं की ते माणूस पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा कायदा होता. अनेकांकडे असेल. पण आईकडे तो फारच कडक होता. बाबा नुसते अमरावतीला गेले तरी त्यांचा पोचल्याचा फोन येईपर्यंत झाडू कोपऱ्यात उभा. आम्ही चिडवायचो, तर म्हणायची, "माणूस पोचू दे नं बाप्पा आधी! केर काय कुठे पळून चालला?" माणूस गेल्या-गेल्या घर झाडतात ते एकदाच — त्याला तिरडीवरून नेल्यानंतर. हे तिने मला लहानपणीच बजावून ठेवलेलं.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सीत बॅगा ठेवल्या आणि लक्षात आलं, नवा घेतलेला जाड कोट दारामागेच राहिला. धावत तीन मजले चढून गेले. दार उघडंच होतं.

आई केर काढत होती.

मला जाऊन चार मिनिटंही झाली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. झाडू थांबला नाही. मी म्हणाले, "कोट राहिला." तिने झाडूनेच दारामागे दाखवलं. केराचा ढीग उंबऱ्यापर्यंत आला होता. तो ओलांडून मी कोट घेतला आणि खाली उतरले. 'येते' म्हणायचं राहिलं. तीही 'पोचली की फोन कर' म्हणाली नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. महिन्याभरात जग बंद झालं. आमचं बोलणं फोनवर हळूहळू पूर्ववत झालं — "काहून वं, जेवली नाही का अजून?" पासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं. दिवाळीचं तिकीट काढलं, ते रद्द झालं. मार्चचं काढलं, तेही. पण त्या केराबद्दल आम्ही दोघीही कधी बोललो नाही. एअरपोर्टजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या माझ्या खोलीत मी कितीदा तरी ठरवायचे, आज विचारूच. 'आई, त्या दिवशी तू खरंच...?' आणि मग पालकाच्या भाजीत डाळ किती घालायची ते विचारायचे.

एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी किल्केनीजवळच्या एका प्लँटवर पाठवलं. किल्केनी हे जुनं दगडी शहर — नदीवर किल्ला, टेकाडावर चर्च, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत अशा गल्ल्या. एरवी पर्यटकांनी भरलेलं. तेव्हा मात्र सामसूम, कारण हॉटेलं फक्त माझ्यासारख्या अत्यावश्यक कामवाल्यांना उघडी होती. माझं हॉटेल अशाच एका गल्लीत. नऊ खोल्या, करकरणारा जिना, लिफ्ट नाही. मालकीण नोरा, सत्तरीला टेकलेली, विधवा. मदतीला कुणी उरलं नव्हतं, म्हणून सगळं एकटीच करायची. आख्ख्या हॉटेलात पाहुणी मी एकटी — पहिल्या मजल्यावर, चार नंबर.

नोरा नियमांची पक्की. ब्रेकफास्टचा ट्रे दाराबाहेर ठेवून, दार वाजवून, जिन्यापर्यंत मागे सरकायची आणि मग तिथून गप्पा मारायची. पाहुण्यांकडे पाहुणे येणं बंद, अशी पाटी तिने स्वतःच्या अक्षरात लावलेली. मी कामाला निघाले की ती हूवर घेऊन वर येई (इथे व्हॅक्यूम क्लीनरला सगळे हूवरच म्हणतात). रोज सकाळी गल्लीत उतरते न उतरते तोच वरून त्याची घरघर सुरू व्हायची. आणि रोज मी कोपऱ्यापर्यंत भरभर चालत सुटायचे. नोराशी मी त्याबद्दल कधी बोलले नाही. का बोलेन? आपल्या आईने आपल्या मागे घर झाडलं, हे परक्या बाईला काय सांगायचं?

एप्रिलच्या शेवटी आईला ताप आला. शेवटचं बोलणं झालं ते त्या रविवारी. "तिकडे ऊन पडलं का?" तिने विचारलं. "पडलंय." मग मी धीर करून म्हणाले, "आई, त्या दिवशी..." "कोणत्या दिवशी?" तिला खोकला आला. खूप वेळ. मी म्हणाले, "काही नाही. तू झोप."

मंगळवारी माझ्या मावसबहिणीने, रश्मीने, तिला कसंबसं हॉस्पिटलमध्ये पोचवलं. ऑक्सिजन लावला होता, फोन देत नव्हते. मी टेस्ट केली, शुक्रवारचं तिकीट मिळवलं. परत येताना क्वारंटाइन, सुट्टी, व्हिसा... जे होईल ते होवो. मला फक्त तिच्यासमोर उभं राहून ते एक वाक्य पूर्ण करायचं होतं.

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला मी हॉटेल सोडलं. नोरा जिन्याखाली उभी होती. "सगळं ग्रँड होईल, बघ," ती म्हणाली (इथे 'छान', 'ठीक' सगळ्यालाच ग्रँड म्हणतात). मी साडेआठची एअरपोर्टची बस पकडली. नऊ वाजून गेल्यावर रश्मीचा फोन आला.

आई गेली होती. हॉस्पिटलने सांगितलेली वेळ दुपारी पाऊण. मधे साडेचार तासांचा फरक आहे. म्हणजे आमचे सव्वाआठ.

एअरपोर्टवर उतरून मी बाकावर बसले. रश्मी म्हणत होती, "आता येऊन कुणाला भेटशील गं? महापालिकेचेच लोक नेणार आहेत. आम्हालाही जवळ जाऊ देत नाहीत." तिचं बरोबर होतं. तिचं आख्खं घर तापाने पडलं होतं. मी समोरची स्वोर्ड्सची बस पकडून खोलीवर आले. नागपूरच्या फ्लॅटला कुलूप होतं. आईला नेल्यावर घर झाडायलाही कुणी नव्हतं. त्या दिवशी मी सर्वांत जास्त कशावर रडले असेन, तर यावर.

बारा-तेरा दिवसांनी मी किल्केनीला परत गेले. काम साहेबाने दुसऱ्याला दिलं होतं, पण माझे सेफ्टी शूज आणि कोट चार नंबरमध्ये राहिले होते. होय, तोच कोट. घाईत याही वेळी दारामागेच राहिला.

नोराने दार उघडलं. माझा चेहरा नीट पाहायच्या आधीच तिने विचारलं, "तुझी आई नीट पोचली का गं घरी?"

मला वाटलं ती सांत्वन करतेय, इथल्या काहीतरी पद्धतीने. मी म्हणाले, "नोरा, तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगायचंय? आणि हो, मी तुझ्यावर चिडलेय. पाहुणे आणायचे नाहीत म्हणून एवढी मोठी पाटी लावलीय, आणि तू सरळ आईलाच आणून ठेवलंस! मास्कसुद्धा नव्हता तिला."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. नोराने सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहिते.

मी कोपऱ्यावर वळले तशी ती हूवर घेऊन वर गेली. चार नंबरचं दार उघडंच होतं. प्लग लावायला वाकली, सरळ झाली, तर उंबऱ्यात एक ठेंगणी बाई उभी. अंगाभोवती गुंडाळलेलं फिकं सुती वस्त्र, केस पांढरे, मागे बांधलेले. मास्क नाही म्हणून नोरा भिंतीला टेकून लांब उभी राहिली. त्या बाईने हूवरच्या पाइपवर हात ठेवला आणि मान हलवली. नाही. मग खिडकीतून गल्लीकडे बोट केलं, मी गेले त्या दिशेला. मग हात कानाशी नेला, फोन धरल्यासारखा.

"मला एवढंच कळलं," नोरा म्हणाली, "की तू पोचून फोन करेपर्यंत झाडायचं नाही. कठोर बाई होती हं, शाळेत बाईंनी हातातली पट्टी काढून घ्यावी तसा पाइप घेतला माझ्याकडून. आणि सारखी अशी वेळ बघत होती."

असं म्हणून नोराने डावा हात पुढे केला, तळवा वर वळवला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पाहिलं.

आई घड्याळ तसंच घालायची. तबकडी आत. फळ्यावर लिहिताना खडूची धूळ बसते म्हणून. चाळीस वर्षांची सवय, रिटायर झाल्यावरही सुटली नाही. नोराला मी आईचा फोटो कधी दाखवलेला नाही. दाखवला असता तरी फोटोत हा हात कुठून दिसणार?

"मग?" मी विचारलं. "मग गेली कुठे?"

"मी हूवर खाली नेऊन ठेवला. वर पाहिलं तर नव्हती. म्हटलं, तुझ्या मागून बसला गेली असेल. दार उघडलं की वाजते ती घंटा मात्र वाजली नाही..." इथे नोरा थांबली. माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तू फोनच केला नाहीस. मी वाट बघत होते. कुणी पाहुणा नव्हता, म्हणून मग खोली तशीच ठेवली."

मग मी तिला सांगितलं. कधी, किती वाजता, कुठे. नोराने कपाळ, छाती, खांदे असा क्रॉस केला आणि सगळे नियम बाजूला ठेवून माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली. वर्षभरात माझ्या खांद्यावर पडलेला तो पहिला हात.

थोड्या वेळाने मी वर गेले. चार नंबर तशीच होती. उशीवर माझे केस, टेबलाखाली टोस्टचा चुरा, कार्पेटवर बॅग ओढल्याची खूण. बारा-तेरा दिवसांचा केर. कोट दारामागे. चौदा महिन्यांपूर्वी मी याच कोटासाठी मागे फिरले होते. मी उंबऱ्यात उभी राहून ढसाढसा रडले आणि जे विचारायचं होतं ते कुणाला विचारायची गरज उरली नाही.

तेव्हापासून मी सगळे रकाने भरून पाहिले आहेत. नोराला वय झाल्याने भास झाला? तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. गल्लीत कुणी भारतीय बाई राहते? चौकशी केली, नाही. मी झोपेत बडबडले? समजा बडबडले, तरी मराठीत. आणि घड्याळाचं काय? मूळ कारण... मूळ कारण मला सापडलेलं नाही. रकाना रिकामा आहे. साहेब ओरडला असता. ओरडो.

त्या दिवशी दुपारी मी कोट घालून निघाले. ऊन होतं, तरी घातला. दारात नोराला म्हणाले, "येते." त्याचा अर्थ तिला सांगितला नाही, पण तिने मान हलवली. स्वोर्ड्सला पोचायला संध्याकाळचे सहा वाजले. खोलीचं दार लावलं आणि चप्पलसुद्धा न काढता नोराला फोन केला.

"पोचले," मी म्हणाले.

"ग्रँड."

ती फोन ठेवेना. मीही ठेवेना.

"आणि आई?" तिने हळूच विचारलं.

मी म्हणाले, "तीपण पोचली असेल, नोरा. काढ आता केर."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. जिना करकरला. आणि मग दुरून, वरच्या मजल्यावरून, हूवरची घरघर ऐकू आली. नोरा खोली झाडून होईपर्यंत मी फोन कानाला लावून तशीच उभी होते.