वास नसलेली मेंढरं

टीव्हीवरच्या एका पोलीस इन्स्पेक्टरचे माझ्यावर फार उपकार आहेत. तो खरा नाही, त्याची मालिकाही संपून वर्ष झालं, आणि मुळात मी ती धड बघतही नव्हते. टीव्हीसमोर बसून वह्या तपासत होते. बघायची ती माझी माय.

वडील गेल्यावर पिंपळगाव रेणुकाईकडच्या आमच्या वस्तीवर ती एकटी उरली, आणि मी एकुलती एक. म्हणून तिला भोकरदनला माझ्याकडे आणलं. लेकीच्या घरी राहायचं तिला फार जड गेलं. कितीतरी दिवस पाहुण्यासारखी पलंगाच्या काठावर बसायची. मग रोज संध्याकाळी साडेसातला ही मालिका सुरू झाली आणि बाई एकदाची मांडी घालून बसली.

मालिकेतला इन्स्पेक्टर पन्नाशीचा, तिरसट, चहा गार करून पिणारा. त्याचा जुना हवालदार एका छाप्यात मेलेला. पण इन्स्पेक्टरला तो दिसायचा, जीपच्या मागच्या सीटवर, मांडीवर टोपी घेऊन बसलेला. नुसता दिसायचा नाही, बोलायचाही. "साहेब, खिडकीवरची धूळ पुसलेली होती, बघितली का?" की इन्स्पेक्टर दचकायचा आणि गुन्ह्याचा धागा हाती लागायचा. मला ते अगदीच पोरकट वाटायचं. मेलेल्यांनीच तपास करायचा तर पोलीस भरती कशाला, असं मी लाल शेरे मारता मारता म्हणायचे. एकदा माय म्हणाली, "तो हवालदार नवं काहीच सांगत न्हाई. सायबानंच बघितलेलं असतंय, पण ध्यानात घेतलेलं नसतंय. तेवढंच सांगतो तो." मी मान वर न करता "हं" म्हटलं.

त्याच सुमारास मायचं चालणं बदललं. पाय उचलून टाकायच्याऐवजी ती फरशीवरून सरकवत चालायला लागली. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत यायची तरी पावलं घासत, मध्येच थांबत, कशाला तरी वळसा घालत. मी विचारलं, "माय, गुडघा दुखतोय का?" ती काही सांगायला तोंड उघडणार, तोवर मी पुढचं सगळं बोलून मोकळी झाले होते. इतकी वर्षं शाळेत शिकवून मला एक खोड लागली आहे: समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकायचं आणि उरलेलं आपणच पूर्ण करून टाकायचं. तिसरीच्या पोरांवर ही खोड खपते, तशी मी मायवरही खपवली. हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, एक्स-रे काढला, तेल आणलं, पट्टा आणला. रोज संध्याकाळी मी तिचे ठणठणीत गुडघे चोळायचे आणि ती मुकाट्यानं चोळून घ्यायची.

खरं तर मला कळायला हवं होतं. आम्ही मेंढरांमागची माणसं. माझ्या लहानपणी दिवाळी झाली की अख्खं बिऱ्हाड घोड्यावर लादून आम्ही मेंढरांबरोबर निघायचो, ते पाऊस तोंडावर आल्यावर परत. जाळीच्या कुंपणात मेंढरं बसली की त्यांच्यामधून पाय उचलून चालायचं नाही, हा पहिला धडा. उचललेला पाय खाली येतो आणि खाली दोन दिवसांचं कोकरू असतं. पाऊल जमिनीवरून सरकवत न्यायचं, म्हणजे कोकरू आपणहून बाजूला होतं. मायनं मला चालायला शिकवलं ते असं. तीच चाल रोज माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिला तेल लावत होते.

एका भागात इन्स्पेक्टरचा धीर सुटला. तो आपल्या वरिष्ठांसमोर उभा राहून म्हणाला, "सर, मला तो दिसतो." मला वाटलं, गेली याची नोकरी. वरिष्ठ हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "आत्ता कुठं बसलाय तो?" आणि तो दाखवेल त्या खुर्चीकडे नीट बघितलं.

जाहिराती लागल्या. माय पडद्याकडे बघतच म्हणाली, "त्याला येडं न्हाई म्हणले."

"कुणाला?"

"त्या सायबाला. त्याचा हवालदार बोलतो तरी. माझी मेंढरं तर तोंडच उघडत न्हाईत."

मी हसले. मग तिच्याकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि ते ती फक्त भ्यायल्यावर करते. "काहीतरीच काय माय" हे वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं, ते कसं गिळलं माझं मला ठाऊक. टीव्हीतल्या त्या वरिष्ठांचंच वाक्य उसनं घेतलं.

"आत्ता कुठं हायत?"

"दोन तुझ्या पायापाशी उभी राह्यलीत. एक कोकरू वह्यांवर बसलंय."

मी हात वह्यांवरून हळूच काढून घेतला. तेवढं बघून तिचा बांध फुटला. दिवाळीपासून हे चाललं होतं. मेंढरं यायची, घरात उभी राहायची, जायची. कधी टीव्हीच्या वरच्या कडेवर लाल फेट्यातली बोटाएवढी माणसं रांगेनं बसायची. ती कोण, हे तिलाही माहीत नव्हतं.

"खरी वाटतात का गं तुला?"

"बिलकुल न्हाई. मेंढरं हायत अन् वास न्हाई, असं कुठं असतंय का?"

"मंग पाय कशाला सरकवतीस?"

"मला कळतंय गं. पायाला कोण सांगणार?"

आधी का सांगितलं नाही, तेही तिनं सांगितलं. वस्तीवर तिची एक जाऊ होती. तिला मेलेली सासू दिसायची. तिला देवऋष्याकडे नेलं, लिंबं उतरवली, धुपात डोकं धरलं. त्यानंतर ती बाई भाजीत मीठ कमी आहे म्हणाली तरी लोक एकमेकांकडे बघून हसायचे. "येडी म्हणलं की बाईचं खरं बी खोटं होतं," माय म्हणाली. "लेकीच्या घरात येडी होऊन राहू का मी?"

मी मास्तरीणच, प्रश्न विचारत राहिले. फक्त या वेळी उत्तरं पूर्ण ऐकली. येतात कुठून? "उजवीकडून. तिकडचं तसं बी धुक्यावानी दिसतंय." कधीपासून धुकं? "लई दिवस झाले." मी तिचा डावा डोळा तळहातानं झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्यासमोर धरली. तिला बोटं तर सोडाच, माझा हातही दिसला नाही. मायचं हवालदाराबद्दलचं बोलणं मला तेव्हा आठवलं. मेंढरंही नवं काही सांगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. काचबिंदू, म्हणाली. डोळ्याच्या आतला दाब वाढून उजव्याची नस सुकली होती, डाव्याची सुकायला लागली होती. गेलेलं परत येणार नव्हतं, पण उरलेलं थेंबांनी टिकवता येण्यासारखं होतं. अजून काही महिने काढले असते तर टिकवायलाही काही उरलं नसतं. हे ऐकताना माझ्या नाकाला मात्र गुडघ्याच्या तेलाचा वास येत होता आणि मला माझी लाज वाटत होती.

मेंढरांचं सांगताना मायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. डॉक्टर शांतपणे म्हणाली, "आजी, डोळ्याकडून चित्रं यायची कमी झाली की मेंदू आपल्याकडची चित्रं लावतो. हे वेड नाही. नजर गेलेल्या पुष्कळांना असं दिसतं."

"मंग तसं लिहून द्या," माय म्हणाली.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मग चिठ्ठीवर थेंबांच्या नावाखाली, मायला वाचता येत नाही हे माहीत असूनही, मोठ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं: आजींचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. मायनं मला ते दोनदा वाचायला लावलं. तो कागद अजून तिच्या पिशवीत आहे. त्या मुलीचे उपकार मी कसे फेडू?

डॉक्टर म्हणाली होती की या चित्रांना अर्थ नसतो. लाल फेटेवाल्यांपुरतं ते मला मान्य आहे. पण घरी आल्यावर मी मायला विचारलं, "मेंढरं कुणाची असतात?"

"आपलीच. डाव्या कानाला खाच हाय ना."

ती खाच आमच्या घरची खूण. मी सात वर्षांची असताना, नुकतीच शाळेत जायला लागले होते तेव्हा, आमची मेंढरं विकली, कारण मेंढरांमागं फिरत शाळा होत नाही. मायनंच तो हट्ट धरला होता. बरं झालं, पायपीट सुटली, असं ती जन्मभर म्हणत आली आणि मी ते बिनतक्रार खरं मानलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिला विचारलं, "ती गेली तेव्हा तू रडलीस का?"

"मंग काय हसले?" ती म्हणाली. "पण तू शाळेत गेल्तीस. येणार व्हतीस चारला. तोवर तोंड धुऊन घेतलं."

मी स्वयंपाकघरात जाऊन भरपूर रडून घेतलं. मी हातात खडू धरला, पगार घेतला, हे घर बांधलं, ते सगळं तिनं चारच्या आत धुऊन टाकलेल्या त्या तोंडावर उभं आहे. तिला अजून अर्ध्या डोळ्यानं का होईना मी दिसते, याबद्दल मी रोज मनातल्या मनात हात जोडते. आधी तिला, मग डॉक्टरला, आणि मग ज्या कुणी "आत्ता कुठं बसलाय तो?" हे वाक्य लिहिलं त्या अनोळखी माणसाला.

मालिकेच्या शेवटी इन्स्पेक्टरनं त्या छाप्याबद्दल हवालदाराची माफी मागितली आणि तो दिसायचा थांबला. माय हळहळली. "बिचारा एकटा पडला," म्हणाली.

तिची मेंढरं अजून येतात. काल संध्याकाळी मी शाळेतून येऊन चहा केला आणि कप घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी आले. ती फरशीकडे बघून हसत होती. मी चपला काढल्या आणि पाऊल न उचलता, सरकवत सरकवत, तिच्या पलंगापर्यंत गेले.

"येडी का काय," ती म्हणाली. "खरी थोडीच हायत ती?" मग जरा थांबून खाली बघत म्हणाली, "जरा डावीकडून ये. तिथं लहानगं हाय."