अडलं की दाबायचं नाही

शनिवारी सकाळी क्लबच्या रेंजवर कॉलिनने नंदू खांबेट्यांनी भरलेल्या काडतुसांची डबी उघडली आणि त्यांच्यापुढे धरली. तळाशी दारूचे करडे कण सांडले होते. एका काडतुसाच्या बुडाला टोपीच नव्हती. नुसतं गोल भोक.

"नंदू, हे तुझ्या हातचं?" कॉलिन म्हणाला. "माझ्या डबीत निघालं असतं तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं."

बाकीचे हसले. खांबेटेही हसले. मग त्यांनी रायफल एकही गोळी न झाडता पेटीत ठेवली आणि गाडी काढली. घरी येताना वळण चुकून एका राउंडअबाउटला त्यांनी दोनदा वळसा घातला, आणि तेही मनात टिपून ठेवलं.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये त्यांची हयात औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणाऱ्या यंत्रांवर गेली. बारीक वस्तू एका रांगेत, एकामागून एक, न अडता पुढे सरकल्या पाहिजेत, एवढंच त्यांचं काम. कुठलंही यंत्र अडलं की नवीन पोरं जोर लावायची आणि खांबेटे ओरडायचे, "अडलं की दाबायचं नाही! थांबायचं. बघायचं." निवृत्त झाल्यावर तिथल्याच कॉलिनने त्यांना नेमबाजीच्या क्लबात ओढलं. तयार काडतुसं महाग, म्हणून तिथले बरेच जण वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. खांबेट्यांचं मन नेमापेक्षा त्या भरण्यातच रमलं.

गॅरेजमधल्या बाकावर त्यांचा काडतुसं भरायचा प्रेस बसवलेला आहे. हँडल एकदा ओढून पुढे ढकललं की गोल थाळीवरच्या पुंगळ्या एकेक घर पुढे जातात. एका घरात जुनी टोपी पडते आणि नवी बसते, पुढच्यात दारू, मग शिशाची गोळी. ही टोपी म्हणजे प्रायमर, मसुरीच्या दाण्याएवढा. रायफलची सुई त्याच्यावर आपटते तेव्हा ठिणगी पडते. प्रायमर उभ्या नळीत एकावर एक रचलेले असतात. खालची पट्टी मागे सरकते, तिच्यातल्या इवल्या वाटीत एक प्रायमर पडतो, पट्टी पुढे येऊन तो पुंगळीखाली नेते. भरून झालं की खांबेटे प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून अंगठा फिरवतात. टोपी वर आलेली, तिरकी, नसलेली, सगळं अंगठ्याला कळतं.

या वेळी यंत्र चुकलं होतं, आणि अंगठाही.

दसऱ्याच्या सकाळी नागपूरला थोरल्या भावाला, राजीवला, त्यांनी व्हिडिओ कॉल लावला होता. राजीवने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि मग अदबीने विचारलं, "आपण कोण?" आयुष्यभर नंद्या म्हणणाऱ्या भावाने त्यांना आपण म्हटलं. त्यानंतरचे दिवस ते प्रेससमोर बसून भरत होते, पण कानात तोच प्रश्न होता. आणि त्याच दिवसांत प्रायमर चुकायला लागले. मधूनच एखादी पुंगळी टोपीशिवाय पुढे जायची आणि तिच्यातली दारू थाळीवर सांडायची.

जेवताना ते बायकोला, शशीताईंना, म्हणाले, "उद्या बघतो. दोष प्रेसचा असला तर ठीक. माझ्या हाताचा असला तर बंदुकीच्या परवान्याचं सर्टिफिकेट पोलिसांना परत करतो. बंदूकही देऊन टाकतो."

"आणि गाडीची किल्ली?"

"तीही."

"वा. मग मेथी आणायला मीच बसने जायचं का?" शशीताई म्हणाल्या. पण त्यांनी वाढायचा डाव खाली ठेवला होता.

रविवारी खांबेट्यांनी डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवला आणि आधी सगळे प्रायमर नळीतून काढून झाकणाच्या डबीत ठेवले. दारूचा डबा गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नेला. कारखान्यातला त्यांचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नळी उजेडाकडे धरून पाहिली, आतून स्वच्छ होती. तिच्या टोकाची प्लास्टिकची जिभली जरा झिजली होती, ती बदलली. चार प्रायमर नळीत टाकून, दारूशिवाय, रिकाम्या पुंगळ्यांवर चालवून पाहिलं. तिसरी पुंगळी रिकामीच पुढे गेली. मग पट्टीची स्प्रिंग बदलली. तरी तेच.

राहिला हात. हँडल पुढे ढकलताना शेवटपर्यंत गेलं नाही, तर पट्टीही अर्ध्यातच राहते. आपला हात शेवटपर्यंत जातो की नाही, हे ज्याचा हात त्याला कसं कळणार?

त्यांनी शशीताईंना बोलावलं. चष्मा लावून, बागेतली खुर्ची आत आणून त्या बसल्या.

"माझ्या हाताकडे बघ फक्त. शेवटपर्यंत जातो का सांग."

"जातो."

"नीट बघ."

"अहो, जातो म्हणते ना! ठक्कन आवाज येतोय. आत्ता तर बाक हलला."

थाळीवर पुंगळी पुन्हा रिकामी होती. खांबेटे थांबले. मग त्यांनी हँडल सोडलं आणि पट्टी परत सरकताना पाहत राहिले. ती शेवटचा केसभर टप्पा गाठत नव्हती. वाटी नळीच्या बरोबर खाली न येता जरा अलीकडेच अडत होती. कधी प्रायमर पडे, कधी कडेवर टेकून राही.

प्रायमर पुन्हा काढून त्यांनी पट्टी सोडवली. जुन्या टोप्यांची काजळी तिथे नेहमीच साचते, ती होतीच. पण काजळीखाली तेलात कालवलेला तांबूस लगदा होता. त्यांना वाटलं गंज. बोटावर घेऊन पाहिला, गंज नव्हता. आणि पट्टीच्या मागच्या खाचेत, दबून पिवळा पडलेला, तांदळाचा एक तुकडा होता.

"शशी, दसऱ्याला याची पूजा कुणी केली?"

"मी. तुम्ही फोनवर होतात. नंतर नुसते बसून होतात, म्हणून मीच उरकली. गाडीला हार घातला, याला हळदकुंकू, अक्षता."

"कुठे लावलंस कुंकू?"

"कपाळाला."

"याला कपाळ कुठलं?"

शशीताईंनी वाकून पट्टीतल्या त्या इवल्या वाटीवर बोट ठेवलं. "इथे. तुम्हीच सांगता ना, इथून सगळं सुरू होतं म्हणून."

खांबेट्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि पुसताना ते हसणं नुसतं हसणं राहिलं नाही. शशीताई उठल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पट्टी पुसून, कोरडी करून त्यांनी पुन्हा बसवली. पुंगळ्या एकेक करून पुढे गेल्या. एकही रिकामी नाही.

"झालं तर मग," शशीताई म्हणाल्या.

"अर्धं झालं. ते काडतूस माझ्या अंगठ्याखालून गेलं, ते कुंकवाने नाही नेलं."

"मन नागपुरात होतं तुमचं."

"असेल. किंवा नसेलही. डॉक्टरांकडे जाऊन येतो एकदा. काय ते विचारून टाकू. अडलंय म्हटल्यावर बघायला तर हवं."

"मी येते बरोबर. आणि तोवर तुमच्यानंतर माझा अंगठा."

पुढच्या आठवड्यात दोघं बाकाशी बसली. खांबेटे भरत होते, बुडावरून अंगठा फिरवून काडतूस शशीताईंकडे सरकवत होते. शशीताई पुन्हा अंगठा फिरवून डबीत ठेवत होत्या. मेथी निवडताना करतात तसंच, बोलत बोलत, पण नजर न हलवता. एका काडतुसाशी त्या थांबल्या. खांबेट्यांचा हातही थांबला.

"काय गं?"

"काही नाही. छान गार लागतंय."

"अगं, जीव घेशील एक दिवस!"

डबी भरली. शनिवारी ती कॉलिनपुढे जाणार होती. हात साबणाने धुण्यासाठी उठताना शशीताई म्हणाल्या, "पण पुढच्या दसऱ्याला कुंकू लावू कुठे, ते आत्ताच सांगून ठेवा."

खांबेट्यांनी जरा विचार केला आणि हँडलच्या टोकाचा गोल लाकडी गोळा दाखवला.

"इथे. उतरलं तर माझ्या हाताला लागेल."