सुसाना दाईचं भूत कसं झालं

विसरवाडीच्या रस्त्याला पांढऱ्या लुगड्यातली बाई भेटते, न बोलता गाडीत बसते, आणि मागे वळून पाहावं तर गाडी रिकामी, असं कुणी सांगायला लागलं की मला हसू आवरत नाही. अरे, कसलं भूत नि कसलं काय! त्या भुताच्या हातचा कोरा चहा प्यायलेय मी. मिश्री लावून लावून तिचे दात काळे झाले होते, आणि ती हसली की अंगणातल्या कोंबड्या उडायच्या.

सुसाना तिचं नाव. डोंगरातल्या पाड्यावरची, ख्रिस्ती. दाई होती, तिची आईही दाई. बाकीच्या बाया रंगीत लुगडी नेसायच्या, पण दवाखान्यातल्या मॅडमनं हिला सांगितलं, पांढरं नेस, मळ लगेच दिसतो. झालं! रविवारी न चुकता चर्चमध्ये जायची, तरी आईचा एक नेम तिनं सोडला नव्हता. बाळंतिणीकडे निघालं की तिचा उंबरा ओलांडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. वाटेत बोललं की कळा अडतात म्हणे. मग काय, मिळेल त्या बैलगाडीत मागून चढायची, आणि बाळंतिणीच्या पाड्याची पायवाट आली की चालत्या गाडीतून उडी! गाडीवान आपला पुढे बघून गात असायचा. मागे बघतो तो कुणीच नाही. बिचाऱ्याची बोबडी वळायची.

आम्हा बायांना सगळं ठाऊक होतं, पण आम्ही कशाला सांगतोय? उलट आम्हीच पसरवलं, की तिला पाहून जो थांबत नाही त्याच्या गाडीचा आख मोडतो. भीतीनं का होईना, सुसानाला गाडी मिळत होती. पण ही चलाखी माझ्याच अंगाशी आली.

साल पस्तीस-छत्तीसचं असेल. आम्हाला विसरवाडीला येऊन वर्षच झालं होतं. माझं पहिलं मूल पोटातच गेलेलं, आणि या खेपेला पोर आडवं. शेजारची जसोदाबाई सकाळपासून पोट चोळून थकली. "पार्वते, आते हाई मन्हं काम नही," ती म्हणाली. "सुसानाले बलाव." मी मनात देवाला म्हटलं, बाबा रे, हे तरी नेऊ नकोस.

माझा नवरा धुडकू गाडी जुंपून भर दुपारी निघाला. त्यानं सुसानाचं नाव ऐकलं होतं, तिला पाहिलं कधीच नव्हतं. बाजाराहून परतणाऱ्या बायांनी तिला आधीच निरोप दिला होता, की धुडकूची गाडी येतेय, बैलांची शिंगं हिरवी आहेत. ती पायीच निघाली. मोहाच्या झाडाखाली तिनं हिरवी शिंगं पाहिली आणि हात केला.

आखाच्या भीतीनं धुडकू थांबला. ती मागे चढली.

"कोन शे वं माय?"

उत्तर नाही.

"कथा जानं शे?"

उत्तर नाही. कुठे जायचं तेही सांगेना, म्हणजे हेच ते भूत! आपल्या मारुतीच्या देवळापुढे भूत यायचं नाही, असा हिशेब करून त्यानं गाडी गर्रकन घराकडे वळवली. सुसानाला वाटलं, वा, शहाणा माणूस! बैल असे उधळले म्हणता, जन्मात ती इतक्या वेगानं गेली नव्हती. तिला मजा यायला लागली. बोलायचं नाही, पण हसायला कुठे बंदी होती? ती खदाखदा हसली, आणि धुडकूनं दोन्ही बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

मारुती मागे पडला. भूत काही उतरेना. धुडकूनं दारात गाडी सोडली, धूम आत आला आणि कडी लावली.

"भूत उनं! मन्हा मांगेच उनं!"

बाहेरून दार धडाधड वाजत होतं, पण हाक काही येत नव्हती. माझ्या लख्ख ध्यानात आलं. उंबऱ्याबाहेर ती बोलेल कशी! नवऱ्याला मी कधी अरेतुरे केलं नव्हतं, पण त्या दिवशी केलं. "अरे मेल्या, तीच दाई शे! उघड दार!"

तो आपला दाराला पाठ लावून उभाच. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. शेवटी जसोदाबाईनं त्याला असा धक्का दिला की तो धान्याच्या कणगीमागे जाऊन पडला.

सुसाना उंबरा ओलांडून आत आली आणि तिचं तोंड सुटलं! तिच्या डोंगरी बोलीत तिनं धुडकूच्या सात पिढ्या उद्धरल्या, हात धुतले आणि कामाला लागली. पोर वळलं, सुटलं, पण निळं. रडेना. सुसानानं फुंकर मारली, पाठ चोळली, उलटं धरून चापट दिली. आणि मग पोरानं जो टाहो फोडलाय!

"आंडेर शे!" जसोदाबाई ओरडली. लेक होती.

धुडकू कणगीमागून बाहेर आला. केसांत भुसा, नजर सुसानावर. हळूहळू पुढे गेला आणि तिच्या पायांशी वाकला. जसोदाबाईनं पदर डोळ्यांना लावला, किती गुणाचा माणूस म्हणून. गुणाचा कुठला! मी ओळखते ना माझ्या नवऱ्याला. भुताचे पाय उलटे असतात, ते बघत होता तो.

टाचांना भेगा होत्या, घोट्यावर काट्यांचे ओरखडे, आणि बोटं पुढेच होती.

मग मात्र त्यानं त्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोरासारखा रडला. "मन्ही आंडेर वाचनी," एवढंच म्हणत होता. सुसानानं बराच वेळ पाय हलवले नाहीत.