माझ्या फोनातले आबांचे कान

कानाच्या मशीनबरोबर आलेली पुस्तिका मी पहिल्यांदा उघडली ती मोठ्या विश्वासानं. जगातल्या बहुतेक भाषा तिच्यात होत्या, मराठी तेवढी नव्हती. चित्रांवरून अंदाज घेत गेलो. एका चित्रात एक म्हातारा साहेब कानात मशीन घालून बागेत हसत बसला होता. आमचे आबा पलंगावर मांडी घालून बसले होते आणि हसत नव्हते.

आबा म्हणजे माझे वडील. औंधला त्यांची पिठाची गिरणी होती. जन्मभर पट्ट्याच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले. आई गेल्यावर गिरणी बंद करून ते सांगलीला आमच्याकडे राहायला आले, तोवर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं हे ठरूनच गेलं होतं. मी मुळात कमी बोलणारा. त्यात ओरडायचं म्हटल्यावर त्यांच्याशी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. हे मशीन आणायचा हट्ट माझ्या मुलीचा. आजोबांवर तिचा जीव, आणि त्यांचा तिच्यावर.

दुकानातल्या बाईंनी आबांचे कान तपासले, मशीन बसवून दिलं आणि म्हणाल्या, "बाकी सगळं ॲपमधून होईल, सोपं आहे." ते 'सोपं आहे' मला पुढं कितीतरी दिवस पुरलं.

आबांचा फोन बटणांचा, त्यात ॲप बसेना. मुलीचा फोन दिवसभर तिच्याबरोबर दवाखान्याच्या लॅबमध्ये. बायकोच्या फोनात जागा नव्हती. राहिला माझा. ॲपनं आधी माझा ईमेल मागितला. मग पासवर्ड. त्यात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, वर एखादी खूण हवी. ते जमवलं तर म्हणालं, तुम्ही कुठे आहात हे कळू द्या. मी विश्रामबागेत आहे हे कानाच्या मशीनला कशाला कळायला हवं? पण होकार दिल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. मग ओटीपी. तो यायचा तेव्हा त्याची मुदत संपलेली असायची.

शेवटी फोनला डावा कान सापडला. उजवा सापडेना. उजवा सापडला तर डावा गेला.

"काय म्हणतंय?" आबा विचारायचे.

"शोधतंय." मी ओरडायचो.

"कुणाला?"

"तुमच्या कानाला."

"हितंच हाय की गा कान. कुटं जातोय?"

कस्टमर केअरला फोन लावला. बरीच वाट बघायला लावून एक मुलगा हिंदीत बोलायला आला. म्हणाला, मशीन वापरणारे तुम्हीच का? म्हटलं, नाही, माझे वडील. मग त्यांच्याशी बोलू द्या, त्यांची संमती लागेल. मी म्हटलं, अहो, मशीन चालू नाही म्हणून तर फोन केलाय, त्यांना ऐकू येत नाही. तो अगदी नम्रपणे म्हणाला, सर, पण संमती त्यांचीच लागेल. मी फोन आबांच्या हातात दिला. आबांनी तो कानाला लावला, अंदाजानं "बरं, बरं" म्हणाले आणि परत दिला. संमती मिळाली होती.

मग अपडेट. मशीन डबीत, डबी चार्जिंगला, माझ्या फोनवर एक गोल फिरतोय आणि खाली लिहिलंय की बंद करू नका. दुपारभर गोल फिरत राहिला. आबा मधून मधून येऊन डबीकडं बघायचे. "झालं का न्हाई त्याचं जेवान?"

आणि एकदाचं ते चालू झालं. आबांनी दोन्ही कानांवर हात नेले. नळ ठिबकत होता तिकडं बघितलं. मुलगी त्यांच्यासमोर बसून साध्या आवाजात म्हणाली, "आबा, ऐकू येतंय?" ते म्हणाले, "व्हय की. तुजा आवाज तुज्या आजीसारका हाय." तिनं त्यांचा हात धरून ठेवला. मी खिडकीजवळ गेलो. सांगायला हरकत नाही, मला भरून आलं होतं.

पण सुख लागू द्यायचं नाही असं त्या मशीननं ठरवलेलं असावं. माझा फोन वाजला की तो आबांच्या कानात वाजायचा. मी अंघोळीला गेलो असताना बायकोनं माझा फोन उचलला, तर विमा विकणारी कुणी बाई आबांच्या डोक्यात बोलायला लागली. आबा एकटेच हॉलमध्ये बसून मोठ्यानं सांगत होते, "न्हाई बाई, आमचं वय झालं आता, आमाला कोण घेतंय?" बायको हसून हसून खाली बसली. मला हसू आलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन तो प्रकार बंद केला, तर उजवा कान पुन्हा हरवला. पुन्हा डबी, पुन्हा शोध, पुन्हा ओटीपी.

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र माझ्या हाताशी आली. ॲपमध्ये दोन कानांची चित्रं होती आणि त्यांच्या बाजूला दोन पट्ट्या. बोटानं पट्टी वर सारली की आबांना जास्त ऐकू येणार, खाली सारली की कमी. चित्रावरच बोट ठेवलं की पूर्ण बंद. सुरुवातीला आबाच म्हणायचे, "कुकर लय वरडतोय, कमी कर." मी करायचो. पुढं त्यांनी न सांगताही करायला लागलो. बायको आणि मी स्वयंपाकघरात त्यांच्याविषयी बोलत असलो की मी आधी पट्टी खाली घ्यायचो. बायकोला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं आम्ही हळू बोलतोय.

त्यात मुलीचं लग्न जमायला आलं. मुलगा लोणंदचा, शिकलेला, घरचं औषधाचं दुकान. दोघं एकमेकांना पसंत होती. राहिली होती बैठक. म्हणजे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी समोरासमोर बसून बोलायचं आणि बोलणं जुळलं की सुपारी फोडायची. बैठकीत शेवटचा शब्द घरातल्या थोरल्याचा. आमच्याकडून आबांचा.

आदल्या दिवशी आबा म्हणाले, "मी इचारणार हाय. पोरीची नोकरी ऱ्हाणार का न्हाई, ह्ये पयलं."

मुलगी त्या लॅबमध्ये गेल्या वर्षीच कायम झाली होती. नोकरी सोडायची नाही, हे तिनं आम्हाला सांगितलं होतं आणि मुलालाही सांगितलं होतं. तो म्हणाला होता, घरच्यांशी बोलून बघतो. म्हणजे बोलला नव्हता.

मी आबांना म्हटलं, "ते नंतर बघू. आधी जमू तर द्या."

"दळून झाल्यावर निवडाय बसायचं व्हय रं?" आबा म्हणाले. "खडं आदी काडायचं असत्यात."

 मला स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. चांगली माणसं आहेत, मुलगी समजूतदार आहे, पुढं दोघं बघून घेतील, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं सांगायचं तर चार माणसांत वाद झाला की मी आधी बाहेरचं दार शोधतो. तो मला नको होता. बाकीचं सगळं त्या भीतीला घातलेले कपडे.

बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली. पोहे झाले, चहा झाला, पाहुण्यांनी पावसापाण्याचं विचारलं. मुलाचे चुलते बोलायला मोकळे. म्हणाले, "आता एक गोष्ट आधीच बोललेली बरी. आमच्याकडं सुनांना बाहेर नोकरी करायची गरज पडत न्हाई. घरचं दुकान हाय, बसली गल्ल्यावर तर तिचंच हाय. सांगली-लोणंद रोजचं कुणाला झेपणार?"

आबा पुढं सरकून बसले. घसा साफ केला.

फोन माझ्या मांडीवर होता. कुणाचा निरोप बघतोय असं दाखवून मी ॲप उघडलं आणि दोन्ही कानांवर बोट ठेवलं. इतके दिवस हजार नखरे करणारं ते ॲप त्या वेळी पटकन चाललं. एकदाही अडलं नाही.

आबांचा हात कानाकडं गेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपाकडं. चुलते त्यांना म्हणत होते, "काय आबासाहेब, पटतंय न्हवं?"

आणि आबांनी मान हलवली.

ही मान मला लहानपणापासून माहीत होती. गिरणीत बायका डबे ठेवून ओरडायच्या, ज्वारी हाय, जरा जाडं काढा, सांजच्याला न्यायला येते. पट्ट्याच्या आवाजात त्यातलं अक्षर कळायचं नाही. आबा डब्यात हात घालून धान्य बघायचे आणि मान हलवायचे. माणूस समोर उभं राहून बोलतंय आणि ऐकू येत नाही, की त्यांची मान आपोआप हलते. त्यात होकार नसतो. एवढंच असतं की तू बोललीस, मी बघितलं.

"झालं तर मग," चुलते म्हणाले. "थोरल्यांची मान हलली." सुपारी फुटली, साखर वाटली. मुलगी आतल्या दारात उभी होती. ती आजोबांकडं बघत होती. मी पट्ट्या पुन्हा वर सारल्या.

पाहुणे गेल्यावर आबांनी विचारलं, "काय ठरलं? मधी मशीन गेलं माजं."

मी म्हटलं, "सगळं नीट झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी त्यांना चहा देताना म्हणाली, "आबा, तुम्ही तरी विचाराल असं वाटलं होतं." तेव्हा त्यांना कळलं की त्यांनी कशाला मान हलवली. ते तिला सांगत राहिले, अगं, मशीन बंद पडलं होतं. ती म्हणाली, "असू दे आबा." त्यांना ते 'असू दे' झोंबलं. तिला वाटलं, आजोबा माघार घेऊन मशीनवर ढकलतायत. त्यांनी मशीन कानातून काढलं, डबीत टाकलं आणि झाकण लावलं. पुन्हा घालायचं नाव नाही.

मग मी काय केलं, तर मशीन दुरुस्त करायला घेतलं. दुकानात नेलं. बाईंनी तपासून सांगितलं, काही बिघाड नाही. घरी आणून ब्रशनं साफ केलं. रबरी टोप्या बदलल्या. ॲप काढून पुन्हा टाकलं, पासवर्ड विसरलो, नवा केला. कस्टमर केअरच्या मुलाला पुन्हा फोन लावला आणि त्याच्यावर आवाज चढवला की ऐनवेळी बंद पडणारं मशीन विकताच कसं. तो बिचारा माफी मागत होता. त्याला माफी मागू दिली. रोज संध्याकाळी डबी घेऊन आबांसमोर बसायचो, ते तोंड फिरवायचे. बायको म्हणायची, किती करता तुम्ही त्यांच्यासाठी. एवढी चिडचिड माझी आयुष्यात कधी झाली नव्हती. चीड मशीनवर काढत होतो, कारण ते बोलू शकत नव्हतं.

एका रविवारी मुलगी जेवताना सहज म्हणाली की महिनाअखेरीला ती लॅबमध्ये राजीनामा देणार आहे. कुणावर राग नाही. "आबांनीच मान हलवली म्हटल्यावर मी कुणाच्या जोरावर भांडू?" आबांना हे ऐकू गेलं नाही. ते भाकरी मोडत होते. तिच्याकडं बघून त्यांनी मान हलवली.

जेवण झाल्यावर ते मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

"आबा, त्या दिवशी मशीन मी बंद केलं होतं."

"आँ?"

"मशीन मी बंद केलं होतं."

"मशीन बंदच हाय. मला नगं त्ये."

मी वाकलो, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "बैठकीत तुमचं मशीन मी बंद केलं. फोनवरून. तुम्ही विचारू नये म्हणून."

शेजारच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या वहिनी थांबल्या. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मुलगी दारात आली. आबांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"म्हंजी माज्या मानेनं तू व्हय म्हणालास," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"लोणंदला फोन लाव. आनि त्ये मशीन आण. तुज्या फोनात नगं. पोरीच्या फोनात घाल."

मी डबी आणली, आबांनी मशीन कानांत घातलं आणि मुलीनं माझ्याकडं न बघता तिचा फोन पुढं केला. आधी माझ्या फोनातून आबांचे कान काढून टाकायचे होते. ॲपनं विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. तिच्या फोनात ॲप उतरलं, त्यानं ईमेल मागितला, पासवर्ड मागितला. ओटीपी मात्र माझ्याच फोनवर आला, कारण मशीन माझ्या नंबरावर घेतलेलं. मी एकेक आकडा वाचून दाखवला, तिनं तो दाबला. मुदत संपली. दुसरा मागवला. डावा कान जोडला गेला. उजव्याचा गोल फिरत राहिला, फिरत राहिला.

"एकाच कानाला आलंय, आबा," मुलगी म्हणाली.

"एका कानावर भागंल. तू लाव."

चुलत्यांनी फोन उचलला. त्यांचा आवाज सरळ आबांच्या कानात जात होता, आम्हाला ऐकू येत नव्हता. आबा म्हणाले, "मी सांगलीवरनं बोलतोय, पोरीचा आजा. त्या दिशी माजी मान हालली, पर तुमचं बोलणं माज्या कानावर आलंच नव्हतं. कसं आलं न्हाई, त्ये माजा पोरगा सांगतोय. मग आपुन नोकरीचं बोलू."

मुलीनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. तिकडचे काय म्हणत होते ते फक्त आबांना कळत होतं. ते डावा कान पुढं करून बसले होते, आणि मला बोलायची खूण करत होते.

"नमस्कार," मी म्हटलं. "त्या दिवशी आबांचं मशीन बिघडलं नव्हतं."