काचेतली पाटी

चौकटकाकांना चित्रातलं काही कळत नाही, असं शहरातल्या चित्रकारांचं ठाम मत होतं. एकतीस वर्षं हा माणूस त्यांच्या चित्रांना चौकटी करत आला. त्यातली निम्मी चित्रं काढली नसती तरी कुणाचं काही अडलं नसतं, असं काकांचं मत होतं, पण ते त्यांनी स्वतःपाशीच ठेवलं. काकांना कळायची ती काच. तसबीर टांगण्याआधी ते भिंतीकडे पाठ करून उभे राहायचे, समोर काय आहे ते बघायचे, मगच खिळा ठोकायचे. "काच फार चहाडखोर," म्हणायचे. "समोरचं सगळं सांगून टाकते."

एका सकाळी व्यंगचित्रं काढणारी पोरगी पिशवी घेऊन त्यांच्या दारात आली. तिनं मोठ्या साहेबांची खुर्ची काढली होती आणि खुर्चीत नुसता कोट. एवढंच. साहेबांना ते फारच झोंबलं. तिच्या घराला सील लागलं, छापणारा आत गेला, आता तिचा शोध चालू होता.

"नसती उठाठेव," काकू पुटपुटल्या, आणि स्वतःची उशी माळ्यावर नेऊन ठेवली.

काकूंचा भाऊ टेम्पोवाला. तो शुक्रवारी माल घेऊन सीमेपलीकडे जाणार होता. पण पलीकडची संस्था आसरा द्यायला एक पत्र मागत होती, कलावंत संरक्षण समितीचं. पोरीनं समितीला निरोप धाडला. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

कारण पत्र घेऊन खुद्द अध्यक्ष आले. सोबत चार सभासद, एक पुष्पगुच्छ आणि फोटोवाला! लपलेल्या माणसाला भेटायला वरात घेऊन येणारी ही अक्कल कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

"पत्र द्या आणि निघा," काका म्हणाले.

"अहो, आम्ही हिच्या पाठीशी आहोत हे जगाला दिसायला नको?"

"पाठीशी कसले, तुम्ही तर पुढ्यातच उभे आहात."

अध्यक्ष मोठ्या मनानं हसले. पत्र खिशातच ठेवलं. फोटोत पोरीचा चेहरा येणार नाही, तिनं कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, असं ठरलं. उजेड कमी पडतो म्हणून एका शहाण्यानं रस्त्याकडचं दार सताड उघडलं. मंडळी तयार तसबिरींच्या भिंतीपुढे दाटीवाटीनं उभी राहिली, पोट आत, हनुवटी वर.

"थांबा! भिंतीवर काचा आहेत. चादर टाकू द्या," काका पुढे झाले.

"तुम्ही चौकटीचं बघा हो," अध्यक्ष म्हणाले. "चित्राचं आम्हाला कळतं."

फोटो निघाला. मग पत्र मिळालं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तो पेपरात पहिल्याच पानावर होता. अध्यक्षांच्या खांद्यामागे, काचेत, पोरीचा अख्खा चेहरा. शेजारी समोरच्या शिंप्याच्या दुकानाची पाटी, उलटी, पण लहान मुलानंही वाचली असती. काकूंनी तडक भावाला बोलावलं, पोरीला टेम्पोत काचेच्या पेट्यांमागे बसवलं. जाताना पोरगी काकांच्या गळ्यात पडून रडली. "जा गं बाई, आता जा," एवढंच त्यांना जमलं.

अर्ध्या तासात साहेबांचे पोलीस आले. एकही काच शाबूत ठेवली नाही.

"माळ्यावर कोण होतं?"

"उंदीर."

अकरा दिवस कोठडीत हाच प्रश्न आणि हेच उत्तर. सुटून आले तेव्हा काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. काच कापायचा हात तो.

त्या अकरा दिवसांत समितीची बैठकही झाली. काकांसाठी निषेधाचं पत्रक काढावं का, यावर दोन तास काथ्याकूट. समितीच्या घटनेत 'कलावंत' असा शब्द आहे, चौकटी करणारा पडला कारागीर, तेव्हा विषय कक्षेबाहेरचा. असा एकमतानं निर्णय घेऊन मंडळी चहा पिऊन घरी गेली. धन्य ती माणसं!

महिन्यानं एक पाकीट आलं. आत बोटभर चित्र, एक रिकामी चौकट. सही नाही. काकूंनी ते डोळ्यांना लावलं आणि पदर तोंडात धरून रडल्या. पोरगी पोचली होती.

त्याच आठवड्यात अध्यक्ष आले, तो फोटो हातभर मोठा करून. समितीच्या कार्यालयात लावायचा होता. "ऐतिहासिक क्षण आहे. सोनेरी चौकट करा. काच उत्तम घाला."

"काच आहेच की यात," काका म्हणाले, आणि न वळणारं बोट पोरीच्या चेहऱ्यावर ठेवलं. "बघा."

अध्यक्षांनी चष्मा लावला. वाकले. बराच वेळ निरखून बघितलं.

"हो हो," ते म्हणाले. "माझा खांदा जरा तिरका आलाय, नाही?"

काकांनी फोटोची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.